नोव्हलेटची शर्यत

सकाळपासून नोव्हलेट पिनॉक एका जागी बसली नव्हती. किंग्स्टनच्या स्टेडियममागच्या सरावाच्या मैदानावर ती उगाच येरझाऱ्या घालत होती. मका-दुधाची पेज डब्यात तशीच थिजून गेली होती.

"बस गं बाई, गवत झिजेल," शॅडीन म्हणाली. रिलेचा शेवटचा टप्पा शॅडीनचा, तिसरा नोव्हलेटचा. गेली कित्येक वर्षं नोव्हलेट वळणावरून सुसाट येऊन शॅडीनच्या हातात बॅटन देत आली होती. घरात पदकं होती, पण सगळी चौघींची. शाळेच्या स्पर्धेत ती सगळ्यांना मागे टाकून आली, तेव्हा क्लॅरेंडनमधल्या तिच्या गावानं तिला खांद्यावर घेतलं होतं. पुढे मांडीचा स्नायू फाटला, आणि त्यानंतर एकटीच्या शर्यतीत ती कायम पाचवी नाहीतर सहावी.

यंदा मात्र देशाच्या संघाच्या निवड स्पर्धेत ती दोनशे मीटरच्या अंतिम फेरीत पोचली होती. ती फेरी आज संध्याकाळी होती, आणि त्याच संध्याकाळी रिलेलाही मोठ्या स्पर्धेच्या पात्रतेची वेळ गाठायची होती.

कोच डेकर्सनी तिची मांडी दाबून पाहिली. ती कळवळली.

"एकच शर्यत झेपेल," ते म्हणाले. "कुठली, ते तू सांग."

"तुम्हीच सांगा ना."

"मी सांगितलं तर जन्मभर मला शिव्या घालशील."

तिनं आईला फोन लावला. आई, सगळ्या बाजाराची मिस आयव्हरीन, तेव्हा रताळी विकत होती. मागे गिऱ्हाइकांचा गलका.

"आई, मी काय करू?"

"मला काय विचारतेस? माझे पाय आहेत का ते? मनात काय येतंय तुझ्या?"

नोव्हलेटनं फोन ठेवला. मनात काय येतंय ते तिला ठाऊक होतं, आणि त्याचीच लाज वाटत होती.

"मी दोनशे धावते," तिनं रिलेच्या मुलींना सांगितलं.

शॅडीन बुटाची नाडी बांधता बांधता थांबली. "म्हणजे आम्ही गेलो खड्ड्यात?"

"राखीव आहे ना टॅनीक, ती धावेल वळण."

"ती कालची पोरगी? बरं आहे! जा, राणी हो." शॅडीननं पाठ फिरवली.

संध्याकाळी दोनशेचं पिस्तूल वाजलं. वळणावर नोव्हलेट सगळ्यांच्या पुढे होती. सरळ पट्ट्यात मांडीत आग पेटली. दात आवळून ती पळाली, रेषेवर छाती झोकून दिली आणि पडली. पडद्यावर नाव उमटलं, चौथं. देशाच्या संघात जागा पहिल्या तिघींनाच होती.

रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. मांडीला बर्फ बांधून ती लंगडत कुंपणाशी गेली. रिले सुटली. टॅनीकनं वळण घेतलं, जरा बाहेरून, जरा घाबरत.

"आत घे! आत घे, पोरी!" नोव्हलेट घसा फाटेस्तोवर ओरडली. बॅटन शॅडीनच्या हातात पडलं. वेळ गाठली गेली. तिघी टॅनीकला उचलून नाचायला लागल्या. नोव्हलेटला आनंद झाला, आणि मनाला कुणीतरी चिमटाही काढला.

शॅडीन धापा टाकत कुंपणापाशी आली. "कितवी?"

"चौथी."

"गाढवे," शॅडीन म्हणाली आणि कुंपणावरून हात घालून तिची मान घट्ट धरली. "पण वळणावर कसली पळालीस गं!"

मांडी बरी होऊन ती मैदानावर परतली, तेव्हा कोच म्हणाले, "राखीव म्हणून आहेस. वळण आता टॅनीकचं."

"मग मला दुसरा टप्पा शिकवा."

"दुसरीला बॅटन डाव्या हातात घ्यावं लागतं. इतकी वर्षं उजव्यात घेतलंस."

"डावा हातही माझाच आहे."

त्यांनी हसू दाबलं. भल्या पहाटे, दवानं ओल्या गवतावर, ती डावा हात मागे करून पळायला लागली. पहिल्याच देवघेवीत बॅटन बोटांतून निसटलं. तिनं ते उचललं, पाठीमागच्या मुलीकडे फेकलं आणि पुन्हा आपल्या खुणेवर जाऊन उभी राहिली, पाय चुळबुळत.