कोरा बिल्ला

बिल्ल्याच्या भोकाभोवती हिरवट गंज चढला होता. पत्रूने तो अंगठ्याने पुसून पाहिला, तर हिरवा रंग अंगठ्याच्या रेघांत बसला आणि बिल्ल्यावरून मात्र हलला नाही. खाणीच्या बत्तीघरापुढच्या रांगेत सगळ्यांच्या मुठीत असेच पितळी बिल्ले होते, पण ते रोजच्या घामाने आणि रोजच्या धरण्याने घासून पिवळेधमक झालेले, काहींचे तर आकडेही अर्धे झिजलेले... त्याचा एकट्याचाच काळवंडलेला. दोन वर्षं तो नुसता खिळ्यावर लटकून होता. पत्रूला अक्षरं येत नव्हती, पण हा आकडा आपला एवढं त्याला कळत होतं – एक काठी, तिच्या शेजारी दुसरी काठी, आणि मग उलटी धरलेली हॉकी. एकशे सतरा.

सकाळी हाजिरीबाबू गुणवंतरावांनी तो खिळ्यावरून काढला, त्यावरची धूळ फुंकली आणि पत्रूच्या तोंडाकडे न पाहता पुढे केला. काल सामना संपल्यावर त्यांनी पॅड आणि हॉकी जमा करून घेतली होती, तेव्हाही त्यांनी वर पाहिलं नव्हतं. वाईट माणूस नव्हता तो. पहिल्या वर्षी पोलिसांच्या टीमला हरवलं तेव्हा चांद्याच्या बाजारातून पेढे आणले होते त्यांनी, आणि पहिला पेढा पत्रूच्या तोंडात स्वतःच्या हाताने...

रांग पुढे सरकली. बिल्ला खिडकीत द्यायचा, बत्ती घ्यायची आणि उतरणीवरून खाली चालू लागायचं. वर आल्यावर बत्ती द्यायची, बिल्ला परत घ्यायचा. ज्याचा बिल्ला आत राहिला तो माणूस अजून खाली आहे असं समजायचं. हाजिरीच्या कागदावर पत्रू गेली दोन वर्षं रोज खालीच होता. कागदावर तो लोडर होता, म्हणजे फोडलेला कोळसा फावड्याने लोखंडी टबात भरणारा. त्याला धरून अकरा जण कागदावर लोडर होते आणि प्रत्यक्षात इरई नदीच्या बाजूच्या मैदानावर सकाळ-संध्याकाळ हॉकी खेळत होते, कारण जुन्या मॅनेजरला हॉकीचं वेड होतं आणि खाणीची स्वतःची टीम असावी असं त्याला वाटलं होतं. गावागावांतून चपळ पोरं हेरून आणली, सगळी अठरा-वीस वर्षांची. कँटीनमध्ये दूध आणि दोन-दोन अंडी. पण त्या अकरांच्या वाट्याचे टब कोणीतरी भरायलाच हवे होते, आणि ते खालचे लोक भरत होते. बाकीच्या पोरांचे टब टोळ्यांनी आपसांत वाटून घेतले. पत्रूचे कोणी वाटून घेतले नाहीत, कारण त्याचा मोठा भाऊ देवाजी म्हणाला होता, घरचं पोरगं आहे, मी भरीन.

देवाजी आता रांगेत त्याच्या पुढेच उभा होता. डाव्या हाताची दोन बोटं दिवाळीच्या आधी टबाच्या कडेखाली सापडली होती, ती आता वाकत नव्हती, आणि म्हणून तो बिल्ला उजव्या हातात धरून खोकला आला की डाव्या मनगटाने तोंड पुसत होता. पाठीवरचा सदरा कोरडा असूनही घामाच्या जुन्या डागांनी ओला दिसत होता. दोन माणसांचं काम एका पाठीने करायचं म्हणजे काय, हे पत्रूला दोन वर्षं माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि त्या पाठीच्या मागे रांगेत उभं राहणं वेगळं.

“काय गोलकी,” मागून लटारू म्हणाला. पन्नाशीचा लोडर, तोंडाचा फाटका. “आज खाली कोणता बॉल अडवतं?”

दोघेतिघे हसले. देवाजीने मागे वळून पाहिलं नाही. चार माणसं पुढे लच्छू उभा होता, टीमचा कॅप्टन, कालपर्यंतचा. तोही हसला नाही आणि वळलाही नाही. काल मैदानातून बाहेर पडताना लच्छू एकच वाक्य बोलला होता – तू हालला काऊन नाई? – आणि ते असं हळू, जसं काही त्याला खरंच उत्तर हवं होतं.

मी हललो नाही.

नऊ सामने हरले होते या हंगामात, ओळीने नऊ. जिल्हा मुंबई राज्यात गेला त्याच महिन्यात हंगाम सुरू झाला, आणि लटारू म्हणायचा की सरकार बदललं तसे तुमचे पायही बदलले. कारणं होती. दोन चांगले गडी रेल्वेच्या टीमने उचलून नेले आणि त्यांच्या जागी कच्ची पोरं आली, मधल्या फळीतल्या चैतूचा गुडघा गेला आणि तो लंगडत खेळू लागला, आणि मग पोरांना हरण्याची एक सवयच लागली – पहिला गोल झाला की पाय आपोआप हळू व्हायचे, जसं पावसात सापडलेला माणूस एकदा पुरता भिजला की धावायचं सोडतो. पहिल्या पाळीचे लोक दुपारी वर आले की आंघोळ न करता तसेच काळ्या अंगाने मैदानाच्या कडेला, दगडी चुऱ्याच्या ढिगावर येऊन बसायचे. पहिल्या दोन-तीन पराभवांना त्यांनी शिव्या दिल्या, थट्टा केली. शिव्या बऱ्या वाटायच्या. नंतर ते गप्प बसू लागले. आपण ज्यांचे टब भरतो ती पोरं कशी हरतात हे पाहायला ते येत होते, आणि पाहून उठून जात होते. ढिगावरची ती काळी रांग पत्रूला गोलमधून समोरच दिसायची.

जुना मॅनेजर गेला. नव्याला हॉकीचं काही नव्हतं. पण त्याने गुणवंतरावांमार्फत निरोप पाठवला की एक सामना, शेवटचा एक तरी हरू नका. बरोबरीत सुटला तरी टीम राहील. हरलात तर दुसऱ्या दिवशी अकराही जण खाली.

खिडकी आली. देवाजीने बिल्ला दिला, बत्ती घेतली, बाजूला झाला आणि थांबला. पत्रूने आपला बिल्ला दिला. आतल्या माणसाने तो उजेडाकडे धरून उलटसुलट पाहिला, कुठून आला हा असं काहीसं पुटपुटला आणि बत्ती पुढे सरकवली. बत्ती वाटली होती त्याहून जड होती.

उतरणीवर दोघे चालू लागले, देवाजी पुढे. टबांच्या रुळांच्या कडेने वाट होती आणि दोन वळणांनंतर मागचा उजेड बोटभर राहिला, मग तोही नाही. पत्रूच्या खांद्याला भाताचा डबा होता. सकाळी वहिनीने, भागीरथाने, पहिल्यांदाच दोन डबे बांधले – काही न बोलता, आणि तिच्या तोंडावर दुःख नव्हतं. ते पत्रूने पाहिलं होतं. टीम बुडाली होती, घरातला दीर खाली चालला होता, आणि तिचे हात हलके चालत होते, चुलीतलं लाकूड मागे ओढताना ती स्वतःशी काहीतरी गुणगुणलीसुद्धा... महिन्याभरापूर्वी, देवाजी खोकून खोकून भिंतीला टेकला होता तेव्हा, ती पत्रूकडे न पाहता म्हणाली होती, “तुह्या पायाले दूध. अन् ह्यायच्या छातीले काय?” त्यावर देवाजीने तिला गप्प केलं. म्हणाला, घरातला एक तरी माणूस उजेडात राहू दे. त्यानंतर ती कधी बोलली नाही, पण पत्रूला कँटीनमधलं दूध जाईना. तो ते चैतूला देऊ लागला. गुडघा गेलेल्या चैतूला.

हे कोणाला सांगितलं नव्हतं. दूध सोडल्याने कुठे टब कमी भरावे लागतात?

काल शून्य-शून्य होतं. शेवटची दोन मिनिटं राहिली आहेत असं गुणवंतराव कडेने बोटांनी दाखवत होते, आणि त्यांचे डोळे भरून आलेले. सबंध सामन्यात पत्रूने नऊ का दहा फटके अडवले होते, दोन तर असे की ढिगावरची रांग उभी राहिली. अंगात काहीतरी परत आलं होतं. लहानपणचं. धानाच्या बांधीचा, म्हणजे भातखाचराचा, बांध पावसात फुटला की वडील माती आणायला पळायचे आणि पत्रूला फुटीत पाय लावून उभं करायचे – पाय हालवू नको. पाणी ढकलायचं, पाय बधिर व्हायचा, आपल्याला पाय आहे की नाही हेच कळेनासं व्हायचं, पण तो हलायचा नाही. वडील माती घेऊन येईपर्यंत. गोलमध्ये उभं राहायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. ते त्या पायाने येताना बरोबर आणलं होतं.

मग समोरच्या टीमला शॉर्ट कॉर्नर मिळाला, गोलवर जवळून फटका मारायची संधी. त्यांची माणसं गोलपुढच्या अर्धवर्तुळाच्या रेषेवर जागा घेत होती, आपली पोरं गोलात येऊन उभी राहत होती, आणि त्या मधल्या दहा श्वासांत पत्रूने ढिगाकडे पाहिलं. का पाहिलं? देवाजी तिथे आहे हे त्याला ठाऊक होतं, पहिल्या पाळीवरून तो थेट आला होता. सगळे उभे होते. एकटा देवाजी बसलेला होता – डोकं गुडघ्यांकडे झुकलेलं, हात दोन्ही बाजूंना सोडलेले, डाव्याची ती दोन बोटं ताठच. झोपला होता. त्या गलक्यात, त्या शेवटच्या दोन मिनिटांत, माणूस बसल्या जागी झोपला होता. मान एका बाजूला कलंडत होती आणि पुन्हा वर येत होती, जशी बैलगाडीत लांब वाटेला कलंडते.

बॉल आला. डावीकडून, जमिनीलगत, फार जोराचाही नव्हता. दिसला. तो येताना पूर्ण दिसला, त्याच्यावरची शिवणसुद्धा दिसली असं आता वाटतं, पण ते कदाचित आता वाटतं. आणि मी... पाय होता तिथेच होता. गोलच्या मागच्या फळीवर आवाज झाला. पत्रूला आठवतं की त्या आवाजानंतर पहिली गोष्ट जी छातीत झाली ती दुःखाची नव्हती. काहीतरी सैल झालं. मग लगेच लच्छूचं तोंड दिसलं आणि बाकीची नऊ तोंडं – आता हे दहाही जण खाली जातील हे त्याला तेव्हा कळलं, त्याआधी नाही. की त्याआधीही कळलं होतं?

“वाकून चाल,” पुढून देवाजी म्हणाला. “इथी छत खाली आहे.”

भरायच्या जागी आल्यावर देवाजीने दोन्ही बत्त्या खुंटीला टांगल्या, मग एक पुन्हा काढून खाली ठेवली. फोडलेल्या कोळशाचा ढीग छतापर्यंत होता. फावडं कसं धरायचं ते त्याने एकदा करून दाखवलं – वरून नाई, बुडाकून काढायचं, कंबर नाई वाकवायची, गुडघे वाकवायचे – आणि पत्रूच्या हातात दिलं. स्वतःचं फावडं घेतलं, पण भरायला लागला नाही. बराच वेळ त्याला खोकला येत होता. खोकला थांबल्यावर तो टबाच्या कडेला हात टेकून म्हणाला,

“कसा गेला रे तो?”

पत्रूने फावड्याची मूठ बदलून धरली.

“माहा डोळा लागला होता,” देवाजी म्हणाला, आणि त्याच्या आवाजात इतकी लाज होती की पत्रूला आपलं फावडं कुठे ठेवावं कळेना. “सारे खाली बसले तवा जाग आली. दोन वर्षं पाहून राह्यलो होतो तुले... अन् नेमका तवाच. लच्छू लोकायले सांगून राह्यला, तू हाललाच नाई म्हणे. दिसला नाई का तुले?”

दिसला नाही म्हणावं. मध्ये कोणीतरी आलं म्हणावं, एका वाक्याचं काम. पण मग हा विचारील, कोण आलं. आणि दिसला म्हटलं तर... तर या माणसाने दोन वर्षं जे भरलं, ती दोन बोटं, तो उजेडातला एक माणूस, ते सगळं मी एका क्षणात, त्याला न विचारता, त्याच्या झोपेत, ओतून टाकलं असं होईल. त्याच्यासाठी टाकलं म्हणावं तर तो म्हणेल, मी कधी मागितलं? आणि कदाचित त्याच्यासाठी नसेलच. कदाचित मला त्या दुधातून सुटायचं होतं. त्या ढिगावरच्या रांगेतून, वहिनीच्या न बोलण्यातून. किंवा कदाचित पाय बधिर झाला होता, नुसता तेवढंच, थकलेल्या माणसाचा होतो तसा. पत्रूने ही सगळी उत्तरं एकेक करून उचलून पाहिली आणि प्रत्येकाचं वजन सारखंच लागलं.

“मले नाई माहीत, दादा,” तो म्हणाला.

देवाजीने मान हलवली. हे उत्तर त्याला पुरलं की नाही ते अंधारात कळलं नाही. तो खाली ठेवलेली बत्ती उचलून पलीकडे न्यायला वाकला, आणि पत्रूने पहिलं फावडं ढिगात घातलं, बुडाकडून, सांगितल्याप्रमाणे.

वरचा थर सुटला. बाकीचा कोळसा जागीच घसरून बसला, पण एक डिखळा – दोन मुठींएवढा – वेगळा निघाला आणि डावीकडून, जमिनीलगत घरंगळत आला. फार जोरात नव्हता. दिसायलाही धड दिसत नव्हता, नुसता आवाज होता. पत्रूने काही ठरवलं नाही. ठरवायला वेळच नव्हता. त्याचं वजन उजव्या पायावर गेलं, गुडघा आत वळला आणि डावा पाय आडवा होऊन पुढे गेला, अगदी लागेल तेवढाच, आणि अनवाणी पायाच्या आतल्या बाजूवर आपटून तो डिखळा जागच्या जागी थांबला.

अंगठ्यापासून घोट्यापर्यंत कळ गेली. पाय बधिर नव्हता.

उजेड सरकत आला. देवाजीने बत्ती उचलली होती, ती पलीकडे नेली नव्हती. तो ती पत्रूच्या पायावर धरून उभा होता. पायावर, मग डिखळ्यावर, मग पुन्हा पायावर. बत्ती हलत नव्हती. त्याचा खोकलाही थांबला होता. या वेळी देवाजी जागा होता.

तो काहीतरी बोलेल म्हणून पत्रू थांबला. पलीकडच्या वाटेने एक टब खडखडत गेला, दूर कोणीतरी लच्छूला हाक मारली. उजेड पायावरच होता. मी पाय काढून घ्यायला हवा होता, दुखत होता; पण उजेड होता तोवर काढता येईना. मी तसाच उभा राहिलो, फुटीत पाय लावून उभं राहावं तसा... माती आणायला कोण गेलं आहे, ते मला आठवत नव्हतं.