दिपिकाची डफली

मित्रांनो, माझं कातडं आता मधोमध फाटलं आहे. मला पाहून कुणी ओळखेल असं वाटत नाही, म्हणून आधीच सांगते. मी डफली आहे. कळव्यातल्या एका मराठी शाळेत, लहानांच्या वर्गात, मी काही वर्षं वाजत होते. आज त्याच शाळेच्या मागच्या व्हरांड्यात मोडक्या बाकांवर पडून आहे. माझ्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पण माझ्या साथीनं एक मुलगी बोलू लागली होती आणि पुढे ती गप्प झाली. ते कसं घडलं, हे कुणीतरी सांगायला हवं.

माझा जन्म शहाडचा. तिथे स्टेशनपलीकडे दामाजी नावाचे कारागीर राहत. ढोलक्या आणि हलग्या बनवायच्या, जुन्यांना नवं कातडं घालायचं, हे त्यांचं काम. त्यांनी आंब्याच्या लाकडाचं कडं घासून गुळगुळीत केलं, त्यावर ओलं कातडं ताणून बसवलं, कडेला पितळेच्या लहान चकत्या लावल्या आणि मला उन्हात ठेवलं. वाळताना कातडं आवळत जातं. दुखतं, पण आवाज त्या ताणातूनच येतो.

एके दिवशी प्रमोदिनीबाई तिथे आल्या. त्या डोंबिवलीला राहत आणि कळव्याच्या शाळेत शिकवत. दुकानातल्या बऱ्याच डफल्या त्यांनी वाजवून पाहिल्या.

"मोठा आवाज नको मला," त्या म्हणाल्या. "पहिलीची मुलं आहेत. सगळ्यांना ऐकू जायला हवं, पण कुणी दचकायला नको."

दामाजींनी मला उचलून त्यांच्या हातात दिलं. "मग हीच न्या. फक्त दमट हवेत जपा हिला. थोडी ऊब द्यावी लागते, नाहीतर रुसून बसते."

बाईंनी मला खरंच जपलं. पावसाळ्यात माझं कातडं ढिलं पडे. मग शाळेत खिचडीचं गरम पातेलं आलं की त्या मला त्याच्याजवळ धरत. मुलं भोवती गोळा होत आणि मला कोण धरणार यावरून भांडत. त्या काळात मी खूप सुखात होते.

बाईंच्या वर्गात सारखं काही ना काही चाललेलं असे. मी जलद वाजले की मुलं पळत, हळू वाजले की कासवासारखी चालत. मी थांबले की बाई म्हणत, "पाच-पाच जणांचे गट करा." उरलेली दोन मुलं मध्ये उभी राहून हसत आणि भागाकारातली बाकी म्हणजे काय, हे त्यांना न सांगता समजे. मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढत. चिकणमातीचे मासे करून मोजत. शब्दांचे तुकडे माझ्या ठेक्यावर पाडत. 'पा-टी' म्हणताना दोन थापा, 'का-ग-द' म्हणताना तीन. शेजारच्या वर्गातली मुलं दारातून डोकावत आणि त्यांच्या बाई त्यांना ओढून नेत.

मग एका जून महिन्यात दिपिका आली. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली. वडील होडीवर जात, आई शकू बाजारात मासळी विकायला बसे. पहिल्या दिवशी बाईंनी हजेरी घेतली. दिपिकाचं नाव आलं तेव्हा ती उभी राहिली आणि तिचा 'ह' घशातच अडकला. ती जोर लावत होती. मान ताठ झाली, डोळे मिटले, पण 'हजर' काही बाहेर येईना. पोरं हसली. अनिश नावाच्या मुलानं तिची नक्कल केली. तो वाईट नव्हता, सहा वर्षांचा होता इतकंच. दुसऱ्या दिवसापासून दिपिका हजेरीला नुसता हात वर करू लागली. नंतर तिनं वर्गात तोंड उघडणंच सोडलं.

बाईंनी शकूला बोलावून घेतलं. ती दाराबाहेरच थांबली.

"आत या ना," बाई म्हणाल्या.

"नको बाई. बाजारातशी आलंय, अंगाला वास येतो."

"येऊ दे. या, बसा. दिपिका घरी बोलते का?"

"घरान बोलते. अरकते, पन बोलते. तिच्या आजीसंगती तर लय बोलते. शालंत का नाय बोलत, ता मना कलत नाय."

त्या दिवसापासून बाईंची नजर दिपिकावर असे. एकदा सगळी मुलं माझ्या तालावर गाणं म्हणत होती. बाई वाजवता वाजवता दिपिकाच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दिपिका गात होती. सगळ्यांबरोबर, न अडकता, एक-एक शब्द स्वच्छ. बाईंचा हात क्षणभर माझ्यावर थबकला, तो मला अजून आठवतो.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी त्या म्हणाल्या, "आज कुणी हजर म्हणायचं नाही. प्रत्येकानं इथे यायचं आणि आपलं नाव वाजवायचं."

मुलांना गंमत वाटली. प्राप्तीनं दोन थापा दिल्या, 'प्रा-प्ती'. अनिशचं नाव पुरं झालं तरी त्यानं हात थांबवला नाही, तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला. दिपिकाची पाळी आली. ती हळूच आली आणि तिनं तीन थापा दिल्या. तिसऱ्या थापेबरोबर तिच्या तोंडून पुटपुटल्यासारखं 'का' आलं. कुणाचंच लक्ष नव्हतं. बाईंचं होतं, आणि माझं.

तिथून पुढे सगळं फार सावकाश गेलं. आधी तिचं नाव, मग एकेक शब्द, मग लहान वाक्यं. दिपिका मला मांडीवर घेई, बोटांनी ठेका धरी आणि शब्द त्या ठेक्यावरून येत. एखादा अडकलाच तर बाई तो पुरा करत नसत. नुसत्या थांबत. बाकीच्या मुलांनाही त्यांनी तेच शिकवलं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा दिपिकानं पुस्तकाचं पान उघडलं आणि माझ्या साथीनं ते वरपासून खालपर्यंत वाचलं. वाचून झाल्यावर अनिश म्हणाला, "बाई, मी पण डफलीवर वाचणार." त्यानंतर सगळ्यांनाच डफलीवर वाचायचं होतं. त्यामुळे दिपिका कुणी वेगळी आहे, असं कुणालाच वाटेनासं झालं.

शकू एकदा येऊन खिडकीपाशी उभी राहून ऐकून गेली. जाताना तिनं सुक्या बोंबलांची पुडी बाईंना दिली. बाई मासे खात नसत, तरी त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

दुसरीतही हाच वर्ग बाईंकडे राहिला. आता त्या दिपिकाला म्हणत, "थोडं हळू वाजव." मग म्हणत, "आता एकाच बोटानं." त्यांना काय करायचं होतं, ते मला कळत होतं. माझी साथ हळूहळू सुटावी, ठेका तिच्या आत राहावा आणि एक दिवस मला खाली ठेवून तिनं बोलावं. मलाही तेच हवं होतं. आम्ही त्या दिवसाच्या बरंच जवळ आलो होतो.

त्याच हिवाळ्यात वाचनाची तपासणी आली. बाहेरून देवेश सर आले. तरुण होते, हातात टॅब होता. प्रत्येक मुलानं एका मिनिटात समोरचा उतारा वाचायचा होता. दिपिका मला घेऊनच उठली.

"डफली बाकावर ठेव हं," देवेश सर म्हणाले.

बाई पुढे झाल्या. "सर, ती बोलताना अडखळते. ठेक्यावर तिला सगळं वाचता येतं. एकदा ऐकून बघा."

"बाई, मला पटतंय तुमचं. पण यात तशी सोय नाहीये. सगळ्या मुलांना एकच पद्धत लावायची आहे."

दिपिकानं मला बाकावर ठेवलं. उताऱ्यातला पहिला शब्द 'आजी' होता. ती 'आ'वरच अडकली. तिचे ओठ हलत होते, बोटं फ्रॉकची कड चुरगाळत होती. देवेश सर घाई करत नव्हते, तेही तिच्याकडे आशेनं बघत होते. मग टॅब वाजला. त्यांनी काहीतरी टिपलं आणि हळू आवाजात म्हणाले, "वाचता येत नाही असंच धरावं लागेल, बाई. माझा इलाज नाही."

दिपिका जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी तिनं मला पुन्हा उचललं नाही.

शाळेचा निकाल कमी लागला. पालकांची सभा झाली, तेव्हा अनिशचे बाबा उठले. "बाई, राग मानू नका. पण पोरगा घरी येऊन ताट वाजवतो आणि वही बघावी तर अर्धी कोरी. बाजूच्या इंग्लिश मीडियमची पोरं पानंच्या पानं भरतात. आम्हाला टेन्शन येतं ना." आणखी दोघा-तिघांनी माना हलवल्या. बाई समजावत राहिल्या, की खेळताना मुलं शिकतातच, वाजवताना मोजतातच. पण वहीत दाखवता येईल असं त्यांच्याजवळ थोडंच होतं.

मुख्याध्यापक विश्राम सर सभेनंतर वर्गात आले. "प्रमोदिनीबाई, मला वरून विचारणा झाली आहे. काही दिवस हे वाजवणं बंद ठेवू. निकाल सुधारला की बघू." ते कठोर माणूस नव्हते. हे सांगताना त्यांची नजर जमिनीकडे होती. मग त्यांनी मला आपल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवलं.

वर्षाच्या शेवटी बाईंची बदली झाली, दिव्याच्या शाळेत. सगळे त्यांना म्हणाले, "बरंच झालं बाई, डोंबिवलीहून दिवा जवळ." बाई होय म्हणत राहिल्या. जाताना त्या विश्राम सरांकडे आल्या. कपाटाच्या आत मला त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"डफली माझी आहे, पण मी नेत नाही. दिपिका इथे आहे, तर डफली इथेच राहू दे. तिला वाचायचं असेल तेव्हा तेवढी द्या."

"देईन बाई. नक्की देईन," सर म्हणाले. त्यांना खरंच द्यायची होती, याबद्दल मला शंका नाही. पण नव्या वर्षी नवे शिक्षक आले, बांधकाम निघालं, कागद वाढले आणि मी कपाटात मागे-मागे सरकत गेले.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं. तिसरीत असताना एकदा दिपिका विश्राम सरांच्या खोलीत आली. तिची चाहूल मला कळली. कपाटाच्या दाराला बारीक फट होती, तिथून ती दिसलीही. उंच झाली होती. एकटीच आली होती. त्या खोलीत एकटं येऊन काही मागायचं, याला तिनं किती दिवस धीर गोळा केला असेल.

"काय गं, काय हवंय?" सरांनी मायेनं विचारलं.

"ड... ड..." दिपिका म्हणाली. तिची मान ताठ झाली. तिनं कपाटाकडे बोट केलं. "ड..."

माझ्या चकत्या थरथरल्या, पण आवाज होण्याइतक्या नाही.

कपाटावर खडूचं खोकं आणि डस्टर होतं. सरांनी वर पाहिलं. पोरीला त्रास होऊ नये म्हणून त्यांनीच तिचा शब्द पुरा केला. "डस्टर होय? मग बोट दाखवायचं ना आधीच. हे घे. आणि पळ, तास बुडेल."

दिपिका डस्टरकडे बघत राहिली. तिनं मान हलवून नाही म्हटलं असतं तर? ते तिलाही सुचलं असेल. पण नाही म्हटल्यावर 'मग काय हवंय' असं पुन्हा विचारलं गेलं असतं. तिनं डस्टर घेतलं आणि ती गेली. त्यानंतर ती कधी आली नाही.

कपाटात हवा कोंदट होती. ऊब देणारं कुणी नव्हतं. माझं कातडं आधी लोंबलं, मग त्याला बुरशी आली, आणि एके दिवशी आपोआप फाटलं. विश्राम सर निवृत्त झाले. नव्या बाईंनी कपाट रिकामं केलं तेव्हा मी या व्हरांड्यात आले.

गेल्या महिन्यात शकू दिपिकाचा दाखला न्यायला आली होती. दिपिकाला आता पाचवीसाठी दुसऱ्या शाळेत घालायचं आहे. कार्यालयात गर्दी होती, म्हणून मायलेकी व्हरांड्यात थांबल्या. ओळखीच्या एका बाईनं विचारलं, "बोलते का गं आता पोर?"

"नाय," शकू म्हणाली. "आता घरान पन नाय बोलत. आजी गेली तिची, तवापासून तर खुनेनच सांगते."

दिपिकाची नजर माझ्यावर पडली. ती जवळ आली, वाकली आणि माझ्या फाटक्या कातड्यातून तिनं हात आत घातला. तो पलीकडून बाहेर आला. तिनं मला उलटसुलट करून पाहिलं. मग होते तिथेच परत ठेवलं, जपून, आवाज न करता. आतून हाक आली तशी ती आईमागे गेली.

मित्रांनो, माझी दुरुस्ती करा असं मी म्हणणार नाही. कातडं कुणी नवं घालेलही, डफल्या बाजारात पुष्कळ मिळतात. दिव्याच्या शाळेत प्रमोदिनीबाईंनी एखादी घेतलीही असेल, आणि तिथे एखादं मूल आपलं नाव वाजवत असेल. तसं असावं अशी माझी फार इच्छा आहे.

तुमच्याकडे माझं मागणं लहान आहे. तुमच्या वर्गात कुणाचा शब्द अडकला, तर हसू नका, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण दया येऊन तो शब्द तुम्ही पुराही करू नका. त्याला काय म्हणायचंय ते त्यालाच म्हणू द्या. वेळ लागेल. तेवढा वेळ त्याच्याजवळ थांबा.