हाजींचा सूर्य मावळत नाही

माझ्या नातीची सोयरीक एका केळ्यापाशी येऊन अडली.

नऊ जूनला तिच्यासाठी रीतसर मागणी आली. मुलगा केनान, मोंबासाच्या एका इस्पितळात नर्स. तीन आठवड्यांची रजा काढून इथे हर्गेसाला आला होता आणि अठ्ठावीस तारखेच्या विमानाने परत जाणार होता. त्याआधी निकाह झाला तर सगलला बरोबर नेता येणार होतं. नाहीतर पुढची रजा थेट पुढच्या वर्षी. सगलचा बाप, म्हणजे माझा मुलगा, आता नाही, म्हणून 'दिली' हा शब्द मी उच्चारायचा होता. एक शब्द. पाठ करायचीही गरज नव्हती.

पण दोन्हीकडची माणसं जगभर पांगलेली, तेव्हा मागणी घालायची तर आमच्या ग्रुपवरच. ग्रुपचं नाव 'बाभळीची सावली'. तीनशे बारा माणसं, पाच खंड, आणि बाभूळ एकही नाही. लिहीत कुणी नाही, सगळे बोलतात. सकाळी फोन उघडला की दोनशे आवाज ऐकायचे बाकी असतात.

मुलाकडच्यांनी सुंदर सुरुवात केली. वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, असं करत अठरा पिढ्या मागे गेले, आमच्या अठरा पिढ्यांची स्तुती केली आणि मुलगी मागितली. मी घसा साफ केला. तेवढ्यात मेलबर्नहून जिर्देने हात वर केला.

जिर्दे तिकडे टॅक्सी चालवतो. लहानपणी उंटाच्या लाथेने त्याचे पुढचे दात पडले, तेव्हापासून तो दातपड्या जिर्दे. आता तोंडात नवे बत्तीस दात आहेत, नाव तेच आहे.

"मास्तर, शब्द देण्याआधी एक विचारतो," तो म्हणाला. "परवा मुलगा तुमच्या घरी जेवला, त्याचा फोटो दीकाआत्याने मागवून इथे टाकलाय. भात संपलाय, बकऱ्याचं मटण संपलंय. केळं मात्र ताटाच्या कडेला तसंच. का?"

केनान भाबडा. म्हणाला, "काका, केळं मी जेवण झाल्यावर खातो."

ग्रुपवर तब्बल चार मिनिटं शांतता पसरली. इतकी शांतता फक्त गेल्या हिवाळ्यात पसरली होती, आमचे जुने अध्यक्ष वारले तेव्हा.

"झाल्यावर म्हणजे?" मिनियापोलिसहून दीका कडाडली. दीका माझी धाकटी बहीण. "भाताच्या घासाबरोबर केळ्याचा घास घ्यायचा असतो रे बाबा! झाल्यावर काय, ते फळ आहे का?"

"आत्या, फळच आहे ते."

"ऐका! ऐका हो! हा आमच्या पोरीला काय खायला घालणार ते ऐका!"

आमच्या बैठकीचा नियम असा की एकदा प्रश्न मांडला गेला की तो निकाली निघेपर्यंत दुसरा विषय काढायचा नाही. म्हणजे आधी केळं, मग सगल. मला काळजी वाटली नाही. कारण दुसराही एक नियम आहे. सूर्य मावळला की बैठक उठते, आणि उठण्याआधी अध्यक्षाने निकाल द्यावाच लागतो. झाडाखाली हे सोपं असतं. बैठक फोनवर आली तेव्हा पहिला प्रश्न पडला, सूर्य कुणाचा? मेलबर्नचा की मिनियापोलिसचा? तीन आठवडे भांडून आम्ही ठरवलं होतं की हजर असलेल्यांत जो सर्वांत वयोवृद्ध, तो अध्यक्ष आणि त्याच्या डोक्यावरचा सूर्य तो बैठकीचा सूर्य. चार वर्षं हा नियम उत्तम चालला.

आता सर्वांत वृद्ध होते हाजी शिरे, केनानच्या वडिलांचे काका. लग्नाची बोलणी सुरू झाल्यावर मुलाकडच्यांनी त्यांना ग्रुपवर आणलं आणि त्यांचं वय ऐकून आम्ही मुकाट्याने अध्यक्षपद दिलं. त्या दिवशी इथे संध्याकाळ झाली, मी प्रार्थना आटोपली आणि हाजींना आठवण करून दिली.

"अरे इगाल, घाई कशाला?" हाजी प्रेमाने म्हणाले. "अजून भरपूर दिवस आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. भरपूर दिवस होता. संध्याकाळी विचारलं. "लख्ख ऊन आहे पोरा. बोलू दे लोकांना."

तिसऱ्या दिवशी मी घरातला पृथ्वीचा गोल काढला. हाजी मे महिन्यात लेकीकडे राहायला गेले होते. लेक असते ट्रोम्सोला, नॉर्वेच्या अगदी डोक्यावर. तिथे जूनमध्ये सूर्य मावळत नाही. दुसरीच्या मुलांना मी हे दरवर्षी टॉर्च आणि संत्रं घेऊन शिकवतो. सव्वीस जुलैच्या आसपास तिथे पहिला सूर्यास्त होणार होता.

"हाजी," मी म्हटलं, "तुम्ही सूर्यास्ताची, मगरीबची प्रार्थना कधी करता?"

"मक्केच्या वेळेने. घड्याळ लावलंय."

"मग त्याच वेळेला सूर्य मावळला असं धरू या ना."

"प्रार्थना देवाची, तिला सवलत आहे. बैठक माणसांची, तिला नाही. सूर्य म्हणजे डोळ्यांना दिसतो तो. मी खिडकीतून बघतोय त्याच्याकडे. तोही बघतोय माझ्याकडे."

यावर दोनशे जणांनी हाजींची वाहवा केली. त्यात मुलीकडचेही होते. चोख युक्तिवाद ऐकला की आमच्या माणसांना आपला पक्ष आठवत नाही.

पुढचे दिवस कसे गेले सांगतो. ग्रुपचे दोन तट पडले, 'बरोबर'वाले आणि 'नंतर'वाले. नैरोबीच्या एका सुताराने मध्यममार्ग काढला, केळं आधी खावं. दोन्ही तटांनी मिळून त्याला इतकं झोडपलं की त्याने ग्रुप सोडला. त्याचं ऐकून घेतलं नाही म्हणून त्याचे सतरा नातेवाईक बाहेर पडले. मग त्यांची समजूत काढायला एक उपसमिती नेमली. मेलबर्नचा पक्ष झोपला की लंडनचा चहा पिऊन ताजा होऊन यायचा, लंडन थकलं की मिनियापोलिस उठायचं. दीका स्वयंपाक करताना बोलायची. तिचं प्रत्येक भाषण फोडणीच्या आवाजाने सुरू व्हायचं.

"मी त्या मुलाच्या विरुद्ध नाही," ती सांगायची. "मुलगा सोन्यासारखा आहे. पण तत्त्व म्हणून काही असतं की नाही?"

केनानने शरणागतीही पत्करून पाहिली. "आत्या, मी बरोबर खाईन. शपथ. दोन खाईन."

"आता तू लग्नासाठी खाशील," जिर्दे म्हणाला. "मनापासून खाल्लेलं केळं वेगळं दिसतं."

वीस तारखेला सगल माझ्यासमोर येऊन बसली. ती औषधाच्या दुकानात काम करते, मोजकं बोलते. "आजोबा, हाजींच्या लेकीशी बोलले मी. ती म्हणाली, खोलीला काळे पडदे लावते."

"मग?"

"लावले. हाजींनी बाजूला सारून बघितलं आणि सगळ्यांना सांगितलं की अजून आहे. मग तिने त्यांना डोंगराखालच्या बोगद्यातून गाडीने नेलं. आत अंधार. हाजी म्हणाले, हा सूर्य मावळला नाही, मीच मावळलो."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"तो अठ्ठावीसला जाणार, आजोबा. मी वर्षभर थांबेन, तसं काही नाही. पण हे लोक वर्षभर थांबणार नाहीत. केळ्यानंतर दुसरं काहीतरी काढतील. मग तिसरं. त्यांना लग्न नकोय असं नाही. त्यांना बैठक हवीय."

इतकं लांब ती प्रथमच बोलली असावी. उठून गेली. मी तसाच बसून राहिलो, कारण उपाय मला पहिल्या दिवसापासून माहीत होता आणि तो मी माझ्यापासूनसुद्धा लपवला होता.

हाजी शिरे सर्वांत वृद्ध नव्हते. मी होतो.

युद्धानंतर आमची शाळा पुन्हा उघडली तेव्हा अर्जावर जन्मतारीख लिहायची होती. ती कुणालाच ठाऊक नव्हती. एक जानेवारी सगळ्यांनीच लिहिली, वर्ष मात्र ज्याने त्याने आपापलं निवडलं. मी जरा कोवळं निवडलं. शाळेचा नियम आहे, सत्तरीनंतर वर्गात उभं राहायचं नाही. कागदावर मी एकोणसत्तर आहे. दाढीला मेंदी लावतो, जिने हळू चढतो आणि विचारलं तर गुडघ्याला जुना मार आहे म्हणतो. दुसरीचा वर्ग माझा आहे. सात वर्षांची मुलं वजाबाकी शिकत असतात तेव्हा त्यांच्या कपाळावर जी आठी पडते, ती बघायला मी रोज पहाटे उठतो. दुसरं कारण माझ्याकडे नाही.

आणि शाळेच्या मुख्याध्यापिका शुक्रीबाई ग्रुपवर होत्या. माझ्याच हाताखाली शिकलेल्या. 'बरोबर'वाल्या.

तीन दिवस मी काही केलं नाही. हे मान्य केलं पाहिजे. चोवीस तारखेला संध्याकाळी साडेपाचला मी हात वर केला.

"अध्यक्षांच्या वयाबद्दल मला शंका मांडायची आहे," मी म्हटलं.

एकदम खळबळ उडाली. हाजी हसले. "अरे पोरा, माझा जन्म लाल धुळीच्या वर्षातला. त्या दुष्काळाला पंच्याहत्तर वर्षं झाली. या तीनशे जणांत माझ्या आधीचा कोण आहे?"

"मी आहे. त्या वर्षी मी पाच वर्षांचा होतो. कोकरं सांभाळायचो."

"मास्तर!" दीका किंचाळली. "तू एकोणसत्तरचा आहेस ना रे! मग मी कितीची झाले?"

"गप्प बस, दीका."

"मी नाही गप्प बसणार! माझं वय तुझ्यावरून लावलंय!"

"पुरावा?" जिर्दे आनंदाने म्हणाला. नवा वाद मिळाल्याचा आनंद त्याच्या आवाजात मावत नव्हता.

"हाजी," मी म्हटलं, "तुमच्या वडिलांचा आणि आमचा तळ त्या वर्षी एकाच विहिरीवर होता. तुमचा जन्म झाला तेव्हा मी तुमच्या आईच्या झोपडीबाहेर बसलो होतो. मेंढी कापली, मला काळजाचा तुकडा मिळाला. तुमच्या आजीने तुम्हाला बाहेर आणलं, तुम्ही असं काही ओरडलात की कोकरं दोरी तोडून पळाली आणि मी मार खाल्ला. तुमचं नाव शिरे नंतर ठेवलं. पहिले चाळीस दिवस तुम्हाला सगळे कावळा म्हणत होते."

मी खिडकीबाहेर बघत होतो. ऊन समोरच्या भिंतीवरून वर सरकत होतं. पाच वाजून पन्नास. सहा. तीनशे माणसं एका म्हाताऱ्याच्या बोलण्याची वाट बघत होती आणि दीकाची फोडणीसुद्धा बंद होती.

"हे नाव," हाजी शेवटी म्हणाले, "माझ्या आईनंतर कुणी घेतलं नव्हतं." मग आवाज बदलला. "इगालदादा. तुम्ही बसा अध्यक्षपदी. मी तुम्हाला पोरा म्हणत होतो, माफ करा."

मी ताबडतोब विचारलं, "कुणाला बोलायचंय?"

एकशे चाळीस हात वर झाले. मी पहिल्याला बोलू दिलं. तो प्रस्तावनेत असतानाच सव्वासहा झाले आणि आमच्या शेजारच्या मशिदीतून बांग सुरू झाली. फोन हातात धरून मी गच्चीवर गेलो आणि ती सगळ्यांना ऐकवली.

"सूर्य मावळला. निकाल ऐका. केळं भाताच्या घासाबरोबर खावं. ज्याला नंतर खायचं असेल त्याला भात वाढतच राहावं, म्हणजे नंतर येणारच नाही. बैठक उठण्याआधी शेवटचं. मुलीकडच्यांतर्फे मी, इगाल, सांगतो. सगल दिली."

सत्तावीसला निकाह झाला. अठ्ठावीसला दोघं गेली. विमानतळावर सगल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बराच वेळ उभी राहिली. शाळेबद्दल ती काही बोलली नाही, मीही नाही. केनानने माझा हात सोडला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. त्याला तर अजून कळलंही नव्हतं की नक्की काय झालं.

शुक्रीबाईंनी मला एकोणतीसला बोलावलं. टेबलावर माझा जुना अर्ज होता. त्यांना बसवेना, कारण मी उभा होतो, आणि मला बसवेना, कारण त्या उभ्या होत्या.

"सर, मी ते ऐकलं नाही असं म्हणू शकले असते," त्या म्हणाल्या. "पण दीकाआत्यांनी मला नावाने हाक मारून विचारलं, की शाळेने आता काय करायचं ठरवलंय."

"साहजिक आहे."

"आजचा तास घ्या. मग..." पुढचं त्यांनी खिडकीला सांगितलं.

मी वर्गावर गेलो. बेचाळीस मुलं उठून उभी राहिली. मी फळ्यावर लिहिलं, ऐंशी वजा एकोणसत्तर.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"वजाबाकी!"

"वरचं माझं खरं वय आहे. खालचं मी शाळेला सांगितलेलं. किती लपवली?"

बेचाळीस कपाळांवर आठ्या पडल्या. मी सावकाश बघून घेतल्या, एकेक. पाटीवर पेन्सिली करकरल्या. अर्ध्या वर्गाने एकोणतीस आणलं, कारण शून्यातून नऊ जात नाहीत म्हणून त्यांनी नवातून शून्य काढलं होतं. दरवर्षी असंच होतं. मी शेजारच्या घरातून दशक कसा मागून आणायचा ते पुन्हा समजावलं. मग पहिल्या बाकावरच्या फिलसनने हात वर केला.

"अकरा, सर."

"शाब्बास."

ती बसली नाही. "सर, म्हणजे तुम्ही अकरा वर्षं खोटं लिहिलं?"

"हो."

तिने मागे वळून वर्गाकडे पाहिलं. काही मुलांनी माना डोलावल्या.

"मग," फिलसन अगदी आदराने म्हणाली, "खोटं लिहिणाऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं असतं, सर. घंटा होईपर्यंत."

हा नियम मीच केलेला. मी खडू ठेवला आणि खिडकीशेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागे थोडी खसखस झाली. मग फिलसन फळ्याशी गेली असावी, कारण तिचा आवाज तिकडून आला. "आता पुढचं लिहा. त्र्याण्णव वजा अठ्ठेचाळीस. आणि सर, मागे बघायचं नाही."