मधूच्या दहाव्याला झालेलं परीक्षण

कर्जतमध्ये मला थापाड्या म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. माझं सायकलचं दुकान होतं तेव्हा पंक्चर निघेपर्यंत गिऱ्हाईक बसवून ठेवायला काहीतरी सांगावंच लागायचं. साजगावच्या कारखान्याच्या भोंग्यावर पाळी बदलणारे कावळे मी तिथेच सांगितले. पळसदरीच्या धरणावर चष्मा लावून बसणारा कावळाही तिथलाच. म्हातारा होता बिचारा, जवळचं दिसत नसे. आता जे सांगतोय त्यातही कावळा आहे, पण त्याला चष्मा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्यावरूनच सगळं बिघडलं.

माझा मित्र मधू गेला. मधूनं जन्मात एकच कादंबरी लिहिली, 'धरणाखालची'. गोदा नावाच्या बाईचं गाव धरणात जातं. सगळे बोचकी घेऊन निघतात, आणि शेवटच्या पानावर गोदा रिकाम्या घराला कुलूप घालते, किल्ली कनवटीला खोचते आणि चालू लागते. झालं. पण ते कुलूप महाराष्ट्रभर गाजलं. पोरांना परीक्षेत विचारू लागले, गोदाने कुलूप का लावले. आमच्या अजेयनं तर त्या कुलपावर पीएचडी केली. खोपोलीच्या बाजूला एका कॉलेजात तो मराठी शिकवतो. कुलूप म्हणजे संस्कृतीची काय काय अवस्था, हे तो जेवायला बसल्यावरसुद्धा सांगतो.

मधूचा मुलगा केयूर मुंबईत सिनेमावाला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबला, आणि स्वतःचा पहिला सिनेमा केला तो बापाच्या कादंबरीवर. कडावच्या शेतात आणि पळसदरीच्या धरणावर शूटिंग झालं, अर्धं कर्जत त्यात गर्दीत उभं राहिलं. थेटरात लागायच्या आधी त्यानं गावकऱ्यांसाठी इथल्या हॉलमध्ये एक खेळ ठेवला. सगळं पुस्तकाप्रमाणे चाललं होतं. गोदानं कुलूप घातलं, निघाली. मग वळणावर थांबली आणि मागे फिरली. कुलूप काढलं, दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या, उंबऱ्याशी पाहुण्याला ठेवतात तसा पाण्याचा तांब्या ठेवला आणि गेली. मागून धरणाचं पाणी येतंय, दार उघडं. दिवे लागले तेव्हा टाळी वाजली नाही. अजेय उठला आणि कुणी गेल्याची बातमी द्यावी तसा म्हणाला, "कुलूप काढलं."

मधू तेव्हा अंथरुणाला खिळलेला. अर्धं अंग गेलेलं, बोलणं पुटपुटण्यापुरतं. त्याचं सगळं सुचेता करायची, त्याची थोरली मुलगी. तिचं लग्न जमलं नाही, की त्यानं जमू दिलं नाही, यावर गावात दोन मतं आहेत. भरवणं, पुसणं, कूस बदलणं, आणि रोज संध्याकाळी 'धरणाखालची' वाचून दाखवणं, कारण मधूला दुसऱ्या कुणाचं पुस्तक सोसत नसे. वाचताना तिचा एखादा शब्द चुकला की तो चालता हात चादरीवर आपटायचा. बिनचूक वाचलं तर काही नाही, डोळे मिटून पडून राहायचा.

बापासमोर बसून बापाचा चेहरा बघायची केयूरची छाती झाली नाही. लॅपटॉप सुचेताकडे ठेवून तो मुंबईला पळाला आणि दुसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, आबांनी बघितला का, काय म्हणाले. सुचेता म्हणाली, बघितला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. त्याच आठवड्यात मधू गेला. केयूर आला तो हाच प्रश्न घेऊन. तिरडी बांधताना विचारलं, अस्थी वेचताना विचारलं, ताई, काहीतरी म्हणाले असतील ना. ताईचं उत्तर तेच, भिंतीकडे तोंड.

म्हणून दहाव्याला उल्हास नदीच्या घाटावर जमलो तेव्हा केयूरच्या मनात काय आहे ते न सांगता कळत होतं. पिंडाला कावळा शिवला म्हणजे गेलेल्याची इच्छा उरली नाही. नाही शिवला तर कुठेतरी जीव अडकलाय, आणि कशात ते जिवंतांनी ओळखून कबूल करायचं. बाप बोलला नव्हता, आता कावळा बोलणार होता.

कावळा होता. समोरच्या विजेच्या तारेवर एकटाच, मान वाकडी करून पिंडाकडे बघत. मुंडण केलेला, ओल्या धोतरातला केयूर हात जोडून म्हणाला, आबा, ताईला काही कमी पडू देणार नाही. कावळ्यानं चोच तारेला घासली. वर्षश्राद्ध नीट करीन. कावळा ढिम्म. तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, पिच्चरचं काहीतरी कबूल कर. आवाज माझ्यासारखा होता, पण घाटावर आवाज कुठून कुठे फिरतात काही सांगता येत नाही.

मग काय, घाटाचं थेटर झालं. गोदाच्या घरासाठी आपलं जुनं घर शूटिंगला देणारा अब्बास पायरीवर डोक्याला रुमाल बांधून उभा होता. तो अदबीनं म्हणाला, गाणं काढ बाळा, घर सोडताना बाई गाते कुठे, माझ्या आईनं घर सोडलं तेव्हा ती बोकडाला शिव्या देत होती. केयूर म्हणाला, "गाणं काढतो, आबा." कावळ्यानं पंखाखाली खाजवलं. कडावचा धाऊ पुढे सरकला. त्यानं सिनेमात बैल हाकला होता, तेवढाच तुकडा नेमका कापला गेला होता.

"माझा बैल परत घाल रं," धाऊ म्हणाला. "मधूबाबाला त्यो बैल लय आवडायचा. आमी खोटं नाय बोलत."

मधूनं तो बैल कधी पाहिला नव्हता. केयूरनं तोही कबूल केला. कावळा उडाला, सगळ्यांनी श्वास रोखला, आणि तो जाऊन अजेयच्या स्कूटरच्या आरशावर बसला. लोक हसले. दहाव्याला हसू नये म्हणतात, पण माणसं तोंडावर टॉवेल धरून हसत होती, आणि हसता हसता एकेक नवा दोष काढत होती. साडीला चिखल नाही. म्हातारी फार लवकर मेली. पावसाचा आवाज नळासारखा. केयूर एकेकाला हो म्हणत गेला. वर्षानुवर्षं जोडलेलं तो भर उन्हात, पक्ष्यासमोर, टाका टाका करून उसवत होता, आणि प्रत्येक हो म्हणताना आधी कावळ्याकडे बघत होता.

अजेय तेवढा वेळ मागेच उभा होता. मग जवळ येऊन, आजाऱ्याची विचारपूस करावी तशा आवाजात म्हणाला, "कुलूप, केयूर."

"ते नाही. तेवढंच माझं आहे त्यात."

"म्हणून तर," अजेय म्हणाला.

केयूरनं स्कूटरच्या आरशाकडे पाहिलं. मग तोंड न उघडल्यासारखं बोलला की कुलूप परत लावतो, दार बंद ठेवतो. अजेयनं डोळे मिटले. कावळ्यानं आमच्याकडे शेपटी केली, अजेयच्या स्कूटरच्या सीटवर घाण केली आणि परत तारेवर जाऊन बसला. एवढा स्वच्छ अभिप्राय अजेयच्या प्रबंधावर आजवर कुणी दिला नसेल.

भटजींना साजगावला वास्तुशांतीला जायचं होतं. त्यांनी दर्भ काढला आणि त्याचा कावळा वळायला लागले. खरा कावळा आला नाही तर दर्भाचा करून पिंडाला लावतात, शास्त्रात सोय आहे, कुणी नावं ठेवत नाही. केयूरनं त्यांचा हात धरला.

"गवताचा निकाल नको मला," तो म्हणाला. मग तारेकडे बघून, "आबा, दाखवतच नाही सिनेमा. कुणालाच नाही. डब्यात घालतो. आता तरी या."

कावळा आला नाही.

तेव्हा सुचेता पायऱ्या उतरली. इतका वेळ ती वरच उभी होती, पदर घट्ट लपेटून. भटजी काही म्हणणार होते, तिचा चेहरा बघून राहिले. ती पिंडाशी वाकली. मी तिच्या मागेच होतो, तिथली पायरी कोरडी म्हणून. माझे गुडघे गेले, दात गेले, पण कान शाबूत आहेत. ती पुटपुटली, "आबा, 'मला दार उघडायचं सुचलं नव्हतं, पोराला सुचलं,' असं म्हणालात ना, ते त्याला सांगते. जा आता."

ती सरळ व्हायच्या आत कावळा आला. तिच्या खांद्यावरून, पंख पदराला घासून. मधला पिंड फोडला, चोच भरली आणि पलीकडच्या काठाला गेला.

सगळ्यांना एकदम जेवणाची आठवण झाली. केयूरनं बहिणीचं मनगट धरलं.

"ताई, काय बोललीस?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. तासलेलं डोकं, ओलं धोतर, लहान मुलासारखं उघडं तोंड. मला वाटलं, आता सांगेल.

"तू पिच्चर डब्यात घालणार, तेच परत सांगितलं," सुचेता म्हणाली. "तुझ्या बोलण्यावर त्यांचा कधी भरवसा नव्हता. मी शब्द दिला तेव्हा गेले."

केयूरनं मान हलवली. नापास होणार हे माहीत असलेला पोरगा निकालाला हलवतो तशी. अजेयनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, सिनेमे येतात जातात, पुस्तक राहतं. दुसऱ्या हातानं तो रुमालानं सीट पुसत होता.

दुसऱ्या दिवशी मी सुचेताकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती. म्हटलं, मी ऐकलं गं. तिचा हात थांबला नाही.

"काका, इतकी वर्षं वाचून दाखवलं, एकदा 'बरं वाचलंस' म्हणाले नाहीत. आणि शेवटचं नीट वाक्य बोलले ते त्याच्यासाठी. ते माझ्याकडेच राहू दे." मग सुपातून एक खडा काढून बाजूला टाकला. "तुम्हाला सांगायचं तर सांगा ना. तुम्ही सांगा."

मी सांगितलं. स्टेशनजवळच्या टपरीवर केयूरला गाठलं आणि शब्दाला शब्द सांगितलं, एक अक्षर पदरचं न घालता, जे माझ्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं. तो ऐकत गेला. दाराचं वाक्य आलं तेव्हा त्याचा चेहरा असा उघडला की मला वाटलं, झालं, पोरगं वाचलं. मग तो हळूच हसला. दुकानात चाकावर बसून माझ्या गोष्टी ऐकणारा तो लहानपणीचा केयूर होता.

"काका, कावळ्याला चष्मा होता का?"

मी म्हटलं, नव्हता रे.

"थापा मारायला निदान तेरावा तरी होऊ द्यायचा," तो म्हणाला, आणि अर्धा चहा ठेवून गेला.

सिनेमा कुठे लागला नाही. अजेयनं त्या न लागलेल्या सिनेमावर लेख लिहिला, की अभिजात कलाकृती आपलं रक्षण स्वतः करते. धाऊ अजून बैलाचं विचारतो. आणि सुचेताच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज एक कावळा येतो. ती ताट वाढून घेते तेव्हा. भात टाकला तर खात नाही, हाकललं तर जात नाही, मान वाकडी करून बसतो आणि बघतो. तिनं आता खिडकीला जाळी मारून घेतली आहे. तो जाळीला धरून बसतो.

खोटं वाटत असेल तर जाऊन बघा. फक्त मी पाठवलं म्हणून सांगू नका, नाहीतर ती जाळीसुद्धा खोटी ठरेल.