पाटलाचा कोरा तळहात

माझी पणजी बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा होती. ती वितळली आणि महादेवाच्या देवळातली समई झाली. ती माझी आजी. समई तडकली, तिचा तांब्या घडला. ती माझी आई. त्या तांब्याला ठोकून कळमनुरीच्या तांबटाने जी घडवली, ती मी, शपथेची ताटली. मित्रांनो, सरळ बसा. हे घराणे मी मिरवण्यासाठीच सांगितले आहे.

गावात तंटा झाला की माझ्यात बेलाची पाने आणि हळदीचा भंडारा ठेवीत. त्यावर उजवा तळहात टेकून माणूस जे बोले, ते खरे मानले जाई. हळदीने पिवळा झालेला तो हात पाहताना, आजही सांगते, माझ्या काठापर्यंत शहारा येई.

देवळाचे गुरव ग्यानबा म्हणत, "नेम आधी, देव साक्षीला, माणूस सगळ्यांत शेवटी." किसनराव पाटील म्हणत, "देवानं नेम पाटलाला दिला, पाटलानं गावाला." दोघे वर्षानुवर्षे भांडत. मी ऐके आणि मला वाटे, दोघांचेही बरोबर असेल.

मग १९३८ साल उजाडले. पौषात संतराम नावाच्या शेतकऱ्याची उभी ज्वारी पहाटे कुणाच्या तरी गुरांनी खाल्ली. ज्याच्या दावणीला गुरे, त्या प्रत्येकाने माझ्यावर हात टेकला. तांड्यावरची रुक्माबाई मात्र मागे सरली. ती गर्भार होती.

"शपथ एकाची असती," ती म्हणाली. "माझ्यात दोन जीव हायेत. पोटातल्यानं काही पाह्यलं न्हाई, त्याला साक्षीला कशी वढू? बाळंत होऊ द्या, मग येते."

"चोराला मुहूर्त लागतो व्हय?" संतराम म्हणाला. लोक हसले.

किसनरावांनी निवाडा दिला: शपथ घेईपर्यंत रुक्माबाईला गावच्या विहिरीचे पाणी बंद. भरल्या पोटाने ती कयाधू नदीच्या वाळूत झिरे उकरी आणि दोन घागरी घेऊन चढण चढे. तांड्याचे नायक फुलसिंग घागर घ्यायला धावले, की ती म्हणे, "नायक, पाणी तुमी आणाल, नाव कोण धुईल?"

चैत्रात तिला मुलगा झाला, सेवा. सव्वा महिना संपताच ती न बोलावता देवळात आली. कुशीतले लेकरू तिने फुलसिंगांकडे दिले, तळहात माझ्यावर ठेवला आणि म्हणाली, "माझी गुरं दावणीलाच व्हती."

काय तो हात, मित्रांनो! थरथर नाही, घाम नाही. असा हात माझ्यावर क्वचितच टेकला होता.

संतराम चक्रावला. "मंग खाल्ली कोणी? समद्यांचे हात तर पिवळे झाले."

"समद्यांचे न्हाई," मागून आवाज आला. किसनरावांच्या आई द्वारकाबाई खांबापाशी बसल्या होत्या. "किसन, तुझा राहिला."

किसनरावांनी मला दोन्ही हातांत धरले होते. वीस वर्षे ते मला असेच काठाला धरून दुसऱ्यांपुढे करीत. भंडारा त्यांच्या तळहाताला एकदाही लागला नव्हता आणि हे मलाही कधी खटकले नव्हते. मी कसली साक्षीदार!

"माय, पाटील शपथ देतो. घेत न्हाई."

"काहून? तुझ्याकडं गुरं न्हाईत?"

"वाडवडलांपासून असंच हाये."

"ग्यानबा," द्वारकाबाई म्हणाल्या, "देवानं आधी खरं केलं का आधी पाटील?"

गुरवांनी दाढी खाजवली. "बाई, मी पोथीत लई शोधलं. पाटील कुठं सापडंना."

कुणी हसले नाही. किसनरावांनी मला खाली ठेवले. स्वतः ओट्यावरून उतरून रुक्माबाईशेजारी जमिनीवर बसले. त्यांचा तळहात माझ्यावर आला आणि चार बोटे वरच थांबला. तिथून तो खाली येईना.

"माझाच बैलांचा जोडा सुटला व्हता," अखेर ते म्हणाले. "पहाटं हाकलून आणला. कोणी इचारलं न्हाई, म्हणून बोललो न्हाई."

त्या क्षणी मी खरोखर झळाळले. नेम कुठून येतो हे मला उमगले होते. सूर्य ज्या नेमाने उगवतो तो पाटलाच्या दारात थबकत नाही. तोच नेम माझ्यात हळद होऊन बसला होता.

संतरामाला ज्वारी भरून देण्याचे ठरले. द्वारकाबाई रुक्माबाईकडे वळल्या. "किती दिवस वाळू उकरलीस?"

"चार महिने."

"तेवढे दिवस किसन तुझ्या दारी पाणी आणील. गडी न्हाई, किसन. सकाळी दोन घागरी."

मित्रांनो, मला चिंचेने घासा, राखेने उजळा, तुमची मर्जी. पण मला हातात धरणाऱ्याचा तळहातही तपासत जा. ही माझी आज्ञा समजा.

किसनरावांनी कावड खांद्यावर घेतली. आषाढात कयाधू दुथडी भरली, तरी डोक्यावर घोंगडीची खोळ घेऊन ते तांड्यावर जातच राहिले.

"पाटील, आभाळ गळून राह्यलं. आता कशाला?" रुक्माबाई म्हणे.

"दिवस पुरे व्हायचे हायेत," ते म्हणत.

शेवटच्या सकाळी द्वारकाबाई मला पदराखाली घेऊन मुद्दाम तांड्यावर आल्या. रुक्माबाईने नुकत्याच आलेल्या घागरीतून तांब्या भरला आणि किसनरावांपुढे धरला. तांड्यावरच्या हातचे पाणी पाटलांच्या घराण्यात कुणी प्यायले नव्हते. ते तिच्या उंबऱ्यावर टेकले आणि तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायले.

रुक्माबाईने तो परत घेऊन पालथा घातला.

"फिटलं," ती म्हणाली.