जोडीचं मुसळ

"मुसळाबिगर मना गानं येत नाय," एमिलियानं साफ सांगून टाकलं आणि ती खुर्चीतून उठून उखळापाशी गेली.

एकाहत्तर सालचा एप्रिल होता. क्लारानं कॉलेजातून स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून आणला होता. मरोळच्या गावठाणात मसाला कांडायची गाणी पुरी येणारी आता तिची आई एकटीच उरली होती. जोडीनं कांडणारी आयडा मुलाकडे कांदिवलीला गेली आणि तिथंच वारली. क्लाराला शब्द स्वच्छ हवे होते, धपधप नको होती. पण खुर्चीत बसवलेल्या आईला दुसऱ्या ओळीपुढं काही आठवेना.

शेवटी मिरच्या उखळात पडल्या. मुसळाबरोबर गाणंही आलं. खकाण्यानं येणाऱ्या शिंका क्लारा नाक दाबून आवरत राहिली.

मध्येच एमिलिया मुसळ वर धरून थांबली. एकीनं विचारायचं, समोरचीनं उत्तर द्यायचं, अशी रीत. तिनं लेकीकडं पाहिलं. क्लारानं फिरत्या स्पूलकडं बोट दाखवून नकारार्थी मान हलवली.

"बरा बाय," एमिलिया हसली. "तुजे डब्याला सांग मंग, जबाब दे म्हनून."

पुढंही प्रत्येक कडव्याला ती तेवढी जागा सोडत गेली.

संध्याकाळपर्यंत वर्षाच्या मसाल्यानं बिअरच्या रिकाम्या बाटल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता एमिलिया खाली बसली, ती उठलीच नाही.

महिन्यानं चर्चमध्ये आईसाठी मिसेची प्रार्थना झाली, आणि घरी जेवून माणसं पांगली. कालवण त्याच मसाल्याचं होतं. घरभर त्याचा वास होता. क्लारानं पुन्हा मागून आणलेलं मशीन सुरू केलं. धपधप, शेजारची कोंबडी, दाबलेली एक शिंक. हे सगळं गाळलं असतं तर आईतलं किती थोडं हाती लागलं असतं. खुर्चीतून उठल्याबद्दल तिनं मनोमन आईचे आभार मानले.

"कोनी कांडला, कोनी भरला, कोनी वाढला गो बाय?"

मग ती मोकळी जागा. मुसळ वर धरलेलं असणार.

आयडाच्या तोंडून ऐकून ऐकून उत्तर क्लाराला लहानपणापासून पाठ होतं. ती उखळापाशी जाऊन उभी राहिली.

"माजे आयेनी कांडला," ती मोठ्यानं म्हणाली, "आयेनी भरला, आयेनीच वाढला."

टेपवर मुसळ खाली आलं.