समोर मांडलेली तिपाई

मी पौडच्या बाजारपेठेतल्या मणेरांच्या बांगड्यांच्या दुकानातली तिपाई. खाली तीन पाय, वर एक गोल फळी, एवढंच माझं अंग. आजवर शेकडो बाया माझ्यावर बसून गेल्या. त्यांना आपापल्या बांगड्या आठवत असतील, मी कुणाला आठवत नसेन. त्याचं मला वाईट वाटत नाही. पण त्यांच्यातल्या दोघींची हकीकत मला ठाऊक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कासार आंबोलीचा. सावळा सुतारानं मला ऐनाच्या लाकडातून घडवलं. माझे मालक बाबालाल मणेर खरं तर चार पायांचं स्टूल करून घ्यायला गेले होते. सावळा म्हणाला, "शेठ, तुमच्या दुकानाची फरशी समदी उचकटल्याली. चार पायाचं डुगडुगतंय, तीन पायाचं कुटंबी उभं ऱ्हातंय. माझं ऐका." बाबालालनी ऐकलं आणि मला स्कूटरवर पुढे ठेवून पौडला आणलं.

दुकानात माल आणायचं काम बाबालालचं आणि बांगड्या भरायचं काम त्यांच्या बायकोचं, शाहजादीभाभींचं. गिऱ्हाईक माझ्यावर बसायचं, भाभी समोर पाटावर. बाईचा हात हातात घ्यायचा, पंजा हळूच चेपायचा, अंगठा आत दुमडायचा आणि बोलता बोलता बांगडी मनगटात उतरवायची. दुखलं असं म्हणायची वेळ क्वचितच यायची.

थोरली मुलगी जस्मीन तेव्हा पाळण्यात होती. एका दुपारी वरच्या फळीवरून बांगड्यांचा अख्खा खोका खाली आला. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. त्या दुपारी इतक्या वाढवल्या गेल्या, की रस्त्यापलीकडचा किराणावाला धावत आला. पाळण्यातली जस्मीन मात्र झोपेतून हललीही नाही. "किती शांत पोर आहे माझी," भाभी कौतुकानं म्हणाल्या. मग काचा वेचता वेचता त्यांचे हात थांबले. त्या उठल्या, पाळण्याशी जाऊन त्यांनी पितळी ताट वाजवलं. पुन्हा वाजवलं. नंतर त्या माझ्यावर येऊन बसल्या, आणि गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी उठल्या नाहीत.

पुढे डॉक्टर झाले, दर्गे झाले, कानाची यंत्रं झाली. शेवटी जस्मीनला पुण्याच्या निवासी शाळेत घातलं. तिथं ओठ बघून बोलायला शिकवत. मुलींनी हात हलवले की बाई रागवत. पण जस्मीनला खरी भाषा दिली ती वसतिगृहातल्या मोठ्या मुलींनी. जेवणाच्या रांगेत, नळावर कपडे धुताना, बाईंची पाठ वळली की. सुटीत ती घरी आली ती ही हातांची भाषा घेऊनच. धाकटी मन्तशा ऐकू येणारी. तिला ती भाषा कुणी शिकवली नाही. बहिणीशी भांडायचं म्हणजे ती यायलाच हवी होती.

भाभींना सुरुवातीला लाज वाटायची. दुकानात गिऱ्हाईक असलं की त्या जस्मीनचे हात धरून खाली दाबायच्या. मग एका उन्हाळ्यात त्यांनी मन्तशाकडून गुपचूप चार-दोन खुणा शिकून घेतल्या. तोवर त्यांनी लेकीला 'जेव', 'झोप', 'चल' एवढंच सांगितलं होतं. एक दिवस जस्मीन माझ्यावर बसली होती. भाभींनी पाटावर बसून तिला विचारलं, "शाळेत काय काय झालं?"

जस्मीन बघतच राहिली. मग तिनं सांगायला सुरुवात केली. हातांनी बोलणारं माणूस माझ्यावर बसलं की मला कळतं. त्याच्या खांद्यांची, कमरेची हालचाल पायांपर्यंत उतरते. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी हलत होते. भाभींना त्यातलं निम्मंही समजलं नसेल, पण त्या उठल्या नाहीत. लेकीचे हात दाबायचं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं.

पोरी मोठ्या झाल्या. जस्मीन बावधनच्या एका कंपनीत कामाला लागली. मन्तशानं रीतसर शिक्षण घेतलं आणि ती दुभाषी झाली. म्हणजे कर्णबधिर माणसाच्या हातातलं तोंडानं सांगायचं आणि दुसऱ्याच्या तोंडातलं हातानं. दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत दोघी बहिणी वर्ग घेऊ लागल्या. नेऱ्यापासून पौडपर्यंतची कर्णबधिर माणसं यायची, कुणाची आई, कुणाचा नवरा सोबत असायचा. दवाखान्यात आपल्याला दुभाषी मागता येतो, बँकेत 'घरचं कुणी तरी घेऊन या' म्हणाले तर काय म्हणायचं, असं सगळं तिथं चालायचं. जस्मीन शिकवायला लागली की मला पुढे ओढून घ्यायची.

एका बाजारच्या दिवशी कासार आंबोलीची उज्वला आपल्या नणंदेला घेऊन बांगड्या भरायला आली. घरात लग्न होतं. नणंदेचं नाव सुंदरा. वय चाळिशीच्या पुढे, लग्न झालेलं नाही, जन्मापासून ऐकू येत नाही, शाळेचं तोंड बघितलेलं नाही. उभा जन्म डोंगरावर शेरडांमागे गेलेला. ती माझ्यावर बसली तशी भाभींनी भुवया उंचावून, बोट फिरवून तिला विचारलं, कुठला रंग?

"तिला काय इचारताय भाभी, घाला हिरव्या," उज्वला म्हणाली.

सुंदरानं वहिनीकडे पाहिलं, भाभींकडे पाहिलं आणि जांभळ्या बांगड्यांवर बोट ठेवलं. भाभींनी जांभळ्या भरल्या.

तेवढ्यात कंपनीतली सकाळची पाळी संपवून जस्मीन आली. सुंदराला खुणांची भाषा येत नव्हती, पण तिच्या स्वतःच्या खुणा होत्या, तिनंच घडवलेल्या. मिशीला पीळ दिला की भाऊ. कानाशी बोटं हलवली की शेळी. जस्मीन समोर बसून त्या शिकायला लागली आणि बदल्यात आपल्या द्यायला लागली. मग सुंदरा प्रत्येक बाजाराला येऊ लागली. भाजी घ्यायची राहायची, पण माझ्यावर बसायचं राहायचं नाही.

अशाच एका बाजाराला तिनं जस्मीनला सांगितलं. मिशी, म्हणजे भाऊ. मोठी गाडी. कागद. अंगठा. आणि हातानं डोंगराचा उतार दाखवून तो पुसून टाकल्यासारखं केलं.

जस्मीनच्या ध्यानात आलं. बाप गेल्यावर त्या उतारावरच्या जमिनीला भावाचं आणि सुंदराचं, दोघांचं नाव लागलं होतं. आसपास आधीच बंगले झाले होते. आता भावाला हीही विकायची होती.

बाबालाल दोघी पोरींना घेऊन सुंदराच्या भावाकडे, कोंडाजीकडे गेले. कोंडाजी वाईट माणूस नव्हता. बहिणीला त्यानं कधी उपाशी ठेवलं नव्हतं.

"तिला समदं सांगितलंय," तो म्हणाला. "मान हलवली की तिनं."

मन्तशानं ते हातांनी जस्मीनला सांगितलं. जस्मीनचं उत्तर मन्तशा बोलली, "काका, मान आम्ही सगळ्याला हलवतो. मान हलवली की समोरचा माणूस विचारायचं थांबवतो, म्हणून."

कोंडाजीनं उज्वलाकडे पाहिलं. मग म्हणाला, "सोमवारी हापिसात या. तितंच काय ते इचारा."

सोमवारी मीही गेले. ते असं झालं, की जमिनीचे व्यवहार नोंदवायच्या त्या ऑफिसात भिंतीला लावलेलं एक लांब बाकडं होतं आणि तिथल्या अधिकारी मॅडमच्या टेबलासमोर एकच खुर्ची. बाकड्यावर शेजारी शेजारी बसून हातांनी बोलता येत नाही, समोरासमोर बसावं लागतं. जस्मीननं ते आदल्या आठवड्यात जाऊन बघून ठेवलं होतं. म्हणून बाबालालनी मला पुन्हा एकदा स्कूटरवर घेतलं.

आदल्या दिवशीच्या वर्गात जस्मीन सगळ्यांना सांगून आली होती, की उद्या सुंदराची जमीन वाचवायची. तिची तशी खात्रीच होती.

मन्तशानं मॅडमना सगळं समजावलं. मॅडम म्हणाल्या, "भाऊ आलाय ना सोबत? तो सांगेल."

"मॅडम, भाऊ स्वतः विकणारा आहे," मन्तशा म्हणाली. "त्यानंच तिच्या वतीनं बोलायचं तर तिला बोलावलं कशाला? तिला तिच्या भाषेत विचारलं पाहिजे. तो तिचा हक्क आहे."

जमीन घेणारे बावधनचे गृहस्थ घड्याळ बघत होते. मॅडमनी सुंदराकडे नीट पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "वेळ लागू दे. पण नीट करा."

सुंदराला खुर्चीवर बसवलं. तिच्यासमोर मला मांडलं आणि माझ्यावर जस्मीन बसली. तिची पाठ बरोबर मॅडमच्या टेबलाकडे आली. कारकून पुढे आला. "ओ ताई, मॅडमकडे पाठ करून बसू नका."

"बसू द्या," मॅडम म्हणाल्या. "माझ्याशी नाही बोलायचंय त्यांना."

मन्तशा सुंदराच्या खुर्चीमागे, जस्मीनला दिसेल अशी उभी राहिली. मॅडम बोलायच्या, ते मन्तशा जस्मीनच्या भाषेत सांगायची. जस्मीन ते सुंदराच्या खुणांत उतरवायची. उत्तर त्याच वाटेनं उलटं यायचं.

जमीन कुणाची? सुंदरानं उतार दाखवला, खालचा उंबर दाखवला, डोक्याला पटका बांधून दाखवला. "माझ्या बापाची," मन्तशा म्हणाली.

ती द्यायची आहे का?

सुंदरानं उत्तर दिलं. आणि माझ्यावर बसलेली जस्मीन एकदम स्थिर झाली. तिनं पुन्हा विचारलं, वेगळ्या खुणांनी. उत्तर तेच आलं.

सुंदराला जमीन विकायची होती.

त्या खोलीत सुंदराच्या खुणा जस्मीनशिवाय कुणाला नीट कळत नव्हत्या. तिनं थोडं इकडचं तिकडे केलं असतं तर पकडणारं कुणी नव्हतं. तिला वाटत होतं की सुंदरा चुकते आहे, एकदा गेलेली जमीन परत येत नाही. तिचे दोन्ही पाय जमिनीला घट्ट रोवलेले मला जाणवत होते. मग तिनं हात उचलले आणि जसंच्या तसं पुढे दिलं.

"हो, द्यायची आहे," मन्तशा बोलू लागली. "दोन्ही बाजूंना कुंपणं झाली. वाट बंद झाली. बंगल्यांची कुत्री शेळ्यांवर येतात. माझे गुडघे दुखतात. दिवसभर वर कुणी बोलायला नसतं. खालचा उंबराचा पट्टा मात्र द्यायचा नाही. आणि माझ्या वाट्याचे पैसे माझ्या नावावर हवेत. मला पौडमध्ये खोली घ्यायची आहे. तिथं माणसं आहेत."

कोंडाजी बाकड्यावरून उठला. "शेरडांबिगर तिला करमत न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "मी तर समद्यांना हेच सांगत आलो. म्हनून तर मला वंगाळ वाटत हुतं. मला कधी बोलली न्हाई ही."

तेही दोघी बहिणींनी सुंदरापर्यंत पोचवलं. सुंदरानं भावाकडे बघत दोन-तीन खुणा केल्या.

"सांगितलं होतं," मन्तशा म्हणाली. "तू शेरडांकडं बघत होतास."

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. कोंडाजी आधी ओशाळला, मग तोही हसला आणि डोळे पुसत बहिणीजवळ जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी व्यवहार झाला नाही. उंबराचा पट्टा वगळून कागद नव्यानं करायला मॅडमनी सांगितलं. बावधनचे गृहस्थ कुरकुरले, पण तयार झाले. पुढच्या खेपेला आम्ही सगळे पुन्हा गेलो, व्यवहार झाला, आणि सुंदराच्या उत्तरात जस्मीनच्या भाषेतल्या बऱ्याच खुणा आल्या होत्या.

पहिल्या खेपेनंतरच्या रविवारी जस्मीननं वर्गात सगळ्यांना सांगितलं, "मी जमीन वाचवायला गेले होते. ते माझं काम नव्हतं. तिचं म्हणणं पोचवणं हे काम होतं." मग ती म्हणाली, "अवघड आहे. पण त्यातच समाधान आहे."

आता सुंदरा आमच्याच गल्लीत राहते. दोन शेळ्या तिनं हौसेनं ठेवल्या आहेत. सकाळी भाभींना दुकान उघडायला मदत करते आणि रविवारी नवीन आलेल्यांना आपल्या खुणा शिकवते. उज्वला त्या खुणा चांगल्या शिकली. कोंडाजीची बोटं अजून जड आहेत. परवा तो बहिणीला विचारायला गेला पाण्याचं आणि विचारलं दाढीचं. दोघं कितीतरी वेळ हसत होती.

सगळंच साधलं आहे असं नाही. नोंदणीच्या ऑफिसातून कधी कधी मन्तशाला फोन येतो, कुणी कर्णबधिर आलं आहे, याल का म्हणून. दवाखान्यात मात्र अजून 'घरचं कुणी आणा' असंच म्हणतात. दोघी बहिणी तिथं जात असतात. परवाही जाऊन आल्या. पुन्हा जातील.

माझ्या एका पायाला चीर गेली होती, बाबालालनी लोखंडी पट्टी मारून दिली. दुकानात आता प्लॅस्टिकची रंगीत स्टुलंही आली आहेत. पण जस्मीन शिकवायला बसली की अजून मलाच ओढते. माझं बरं चाललं आहे.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. हातांनी बोलणारं कुणी तुमच्या दारात, दुकानात, ऑफिसात आलं, तर त्याच्यासमोर बसा. शेजारी नको, मागे नको, समोर. विचारा, आणि बघत राहा. आणि उत्तर तुमच्या मनातलं निघालं नाही, तरी उठू नका.